मोटारीचे जुने सुटे भाग : पारख, खरेदी आणि निगा

आपल्या संघाच्या सभासदांपैकी ज्यांच्या दारी मोटार नाही असे आज थोडेच असतील. परंतु दुकानाचा माल घेताना जी पारख आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली, ती मोटारीचा सुटा भाग घेताना मात्र आपण मेस्त्रीच्या स्वाधीन करून मोकळे होतो. कापडाचा तागा उलगडून उजेडात धरणारा, धान्याची मूठ नाकाशी नेऊन पाहणारा गृहस्थ गॅरेजात गेला म्हणजे "किती झाले?" एवढेच विचारतो. हा संकोच अनाठायी आहे. जुन्या सुट्या भागांची खरेदी हा इतर व्यवहारांसारखाच एक व्यवहार होय. त्यातही माल ओळखता येतो, भाव ठरवता येतो, आणि काही माल कोणत्याही भावाला घ्यावयाचा नसतो. या शेवटच्या प्रकाराविषयीच प्रस्तुत लेखकाला विशेष सांगावयाचे आहे. कारण ते ज्ञान त्याला पुस्तकातून मिळालेले नाही.

मुळात जुना भाग घेण्याची वेळ का यावी? एक तर नवा भाग मिळेनासा होतो. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट व पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने जी गाडी बाहेर पडली, ती एके काळी आपल्या कित्येक पेढ्यांसमोर उभी असे. तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभीच थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, तीही रस्त्यावरून उतरली. अँबॅसडर व मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले. वडिलांच्या आठवणीखातर अशी गाडी ज्यांनी राखली आहे, त्यांना जुन्या बाजाराखेरीज गत्यंतर नाही. मौज अशी की, ज्या कुर्ल्यात ती पद्मिनी जन्मली, त्याच कुर्ल्यातील जुन्या मालाच्या दुकानांत आज तिचे दरवाजे व दांडे शोधत हिंडावे लागते.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत भाग बदलताना घसारा वजा होतो, हे आपण जाणताच. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर तो निम्मा असतो. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयाप्रमाणे चढत जातो व दहा वर्षांवरील गाडीस तोही निम्मा होतो. म्हणजे बारा वर्षांच्या गाडीचा दरवाजा चेपला, तर नव्या दरवाजाची अर्धी किंमत मालकाच्याच खिशातून जाते. अशा वेळी त्याच जातीच्या मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला दरवाजा घेणे यात कमीपणा मुळीच नाही.

आता माल येतो कोठून, ते पाहू. कित्येक गाड्या अपघातात मोडून येतात, कित्येक वयाने थकून येतात, आणि काही पुरात बुडालेल्या असतात. म्हणून दुकानदारास पहिला प्रश्न भावाचा न करता, "ही गाडी गेली कशाने?" असा करावा. समोरून धडकलेल्या गाडीचा मागचा दरवाजा, मागचा आस किंवा आसने बहुधा निर्दोष असतात. पण तिचा रेडिएटर व पुढचे दांडे घेऊ नयेत. वयाने थकलेल्या गाडीचे इंजिन झिजलेले असेल, परंतु तिच्या काचा चांगल्या असू शकतात. पुराची गाडी मात्र सर्वांत फसवी. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीकडे जो महापूर आला, त्यात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचा पत्रा धुऊन पुसून चकचकीत करता येतो. विजेच्या जोडांतील हिरवट-पांढरा गंज मात्र लपत नाही. वायरीचा जोड सोडवून पितळी टोके पाहावीत, आसनाखालच्या खाचेत बोट फिरवावे. गाळाची बारीक माती हाताला लागली, तर त्या गाडीचा एकही विद्युत् भाग घेऊ नये.

दरवाजा, बोनेट, मडगार्ड यांसाठी खिशात एक लहान लोहचुंबक बाळगावा. जेथे पत्रा चेपून वर लांबी भरलेली असते, तेथे चुंबक चिकटत नाही किंवा अगदीच दुबळेपणाने चिकटतो. (बंपर हल्ली प्लॅस्टिकचे असतात. तेथे चुंबक लावून दुकानदाराशी वाद घालू नये, तसे झालेले मी पाहिले आहे.) अल्टरनेटर व सेल्फ हे भाग जुने घेण्यास हरकत नाही, मात्र ते दुकानातच बाकावर चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा. अल्टरनेटर हाताने फिरवला असता घरघर आली तर त्याचे बेअरिंग गेलेले समजावे, आणि बारा व्होल्टच्या गाडीत तो सुमारे चौदा व्होल्ट देतो की नाही हे मीटरवर पाहावे. गिअर बॉक्स घेताना त्यातील तेल काढून ताटलीत घ्यावे. तेल काळे असले तरी चालेल, पण उन्हात धरल्यावर त्यात चमचम दिसली, तर ती आतल्या दातांची धूळ होय.

इंजिनाचे आतले भाग डोळ्यांनी पारखता येत नाहीत, ते मोजावेच लागतात. हेडवर सरळ पट्टी उभी धरून खालून फिलर गेजची पाती सरकते का ते पाहतात. सरकली तर हेड वाकलेले असते. व्हॉल्व्हच्या दोन बैठकींमधील चिंचोळ्या जागेत केसासारखी चीर असेल तर ते हेड भंगाराच्याही भावाचे नाही. क्रँकशाफ्टचे गळे मायक्रोमीटरने मोजून, तो पूर्वी एकदा ग्राइंड झाला आहे की दोनदा, हे ठरवावे लागते. तेवढ्या मापाचे बेअरिंग बाजारात मिळते की नाही, याची चौकशी शाफ्ट घेण्याआधीच करावी. बेळगावकरांना ही मोजमापे उद्यमबागेतील कारखान्यांत सहज करून मिळतात. इतर ठिकाणच्या बंधूंनीही आपल्या गावचा भरवशाचा लेथवाला शोधून ठेवावा.

अलीकडच्या गाड्यांत आणखी एक अडचण असते. त्यांचा संगणकी मेंदू चावीतील सांकेतिक खुणेशी जोडलेला असतो. दुसऱ्या गाडीचा मेंदू आणून बसविला, तर इंजिन चालू होईलच असे नाही. तो आपल्या गाडीशी जुळवून देण्याची जबाबदारी कोणाची, हे पैसे देण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

आता जे कधीच जुने घेऊ नये त्याकडे वळतो.

१९९८ च्या मे महिन्यात मी सहकुटुंब बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडीस निघालो होतो. गाडी पद्मिनी. आदल्या आठवड्यात तिच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर बिघडला होता. नवा मागविण्यास चार दिवस लागणार, आणि लग्नाचा मुहूर्त तर तिसऱ्या दिवसाचा. एका जुन्या मालाच्या दुकानी काळा रंग दिलेला, वरून अगदी नव्यासारखा सिलिंडर मिळाला. मेस्त्रीने कुरकुर केली; "निदान उघडून आत पाहू या," म्हणाला. मीच त्याला घाई केली. बेळगावच्या सपाट रस्त्यांवर ब्रेक उत्तम लागले. आंबोलीचा घाट उतरू लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वळणाशी पायाखालचे पेडल हळूहळू खाली जाऊ लागले. पाय उचलून पुन्हा दाबला की थोडा ब्रेक लागे, आणि पुन्हा तेच. मागे सौभाग्यवती, दोन मुले व मातुःश्री. गाडी दुसऱ्या व मग पहिल्या गिअरमध्ये घातली, हातब्रेक ओढत ओढत डोंगराच्या बाजूला दगडांच्या राशीस टेकवली. मातुःश्रींनी शांतपणे विचारले, "सावंतवाडी आली काय रे?"

तो सिलिंडर पुढे उघडला, तेव्हा आतल्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडलेले होते. गाडी मोडीत पडून राहिली म्हणजे ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषून घेते, त्या पाण्याने आतून गंज चढतो, आणि आतील रबराची वाटी त्या खड्ड्यांवर घासून फाटते. मग दाब पुढे जाण्याऐवजी वाटीच्या कडेने मागे निसटतो. बाहेर एक थेंबही गळत नाही, म्हणून बाहेरून काही कळत नाही. दुकानदाराने फसविले असे मी म्हणणार नाही. कदाचित त्यालाही ते ठाऊक नसेल. भाव ठरविताना मी जेवढा वेळ घालविला, त्याच्या निम्मा वेळ तो भाग उघडून पाहण्यात घातला असता तर पुरे झाले असते.

तेव्हापासून आमच्या घरी ब्रेकचा कोणताही भाग, म्हणजे सिलिंडर, पॅड, रबरी नळी, यांपैकी काहीही जुने येत नाही. स्टिअरिंगचे सांधे व पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट त्याच वर्गात मोडतात. ते तुटले म्हणजे चालकाच्या हाती उपाय उरत नाही. सुरक्षा-पट्टा व एअरबॅग हीही जुनी कधीच घेऊ नयेत. एअरबॅग व पट्टा आवळणारी यंत्रणा आयुष्यात एकदाच उडते, आणि मोडीतल्या गाडीची यंत्रणा उडालेली नाही, तिला पाणी लागलेले नाही, याची खात्री बाजारात कोणी देऊ शकत नाही. टायमिंग बेल्ट जुना घेणाऱ्यास तर हात जोडावेत. तो तुटला म्हणजे पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि काही शेकड्यांची बचत इंजिनाच्या किमतीस पडते. टायरविषयी एवढेच सांगतो की, त्याच्या कडेवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी ते आकडे वाचल्याशिवाय टायरला हात लावू नये.

येथे एक शंका निघेल की, मग सर्वच भाग नवे घेतलेले काय वाईट? त्यास उत्तर असे की, बाजारात नवा म्हणून मिळणारा भाग खरा असतोच असे नाही. नामांकित कंपनीच्या खोक्यात भरलेला नकली माल सर्वत्र आहे. माझ्या मते, दरवाजाची कडी किंवा अल्टरनेटर यांसारख्या वस्तूंत जुना पण अस्सल भाग हा नव्या पण नकली भागापेक्षा पुष्कळ सरस असतो. ब्रेकच्या बाबतीत दोन्ही वर्ज्य होत. तेथे अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी व खोके, त्यावरील क्रमांक आणि बिल जपून ठेवावे.

बिलाचा विषय निघाला तेव्हा व्यापारी म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. उत्तर प्रदेशातील मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या कापून विकण्यासाठी देशभर कुप्रसिद्ध झाला होता. पोलिसांच्या कारवाईनंतर २०२१ च्या डिसेंबरात तो बंद पडला. असा माल कोठेही येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमान्वये चोरीची वस्तू ती तशी आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, घेणे हा गुन्हा आहे. बाजारभावाच्या चौथाईत, बिलाशिवाय, अंधाऱ्या मागच्या खोलीतून मिळालेला भाग घेतल्यावर "मला ठाऊक नव्हते" हे म्हणणे कोर्टात तर कठीणच, पण पेढीवर बसून म्हणणेही कठीण. बिलावर भागाचे नाव, क्रमांक आणि तो ज्या गाडीचा काढला तिचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. खरा दुकानदार ते लिहून देण्यास कचरत नाही. संपूर्ण इंजिन बदलले तर त्याची सूचना १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास देऊन नोंदणीपुस्तकात फेरफार करून घ्यावा लागतो. हे न केल्याने विम्याचा दावा अडू शकतो.

निगेविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. ज्याची निगा चांगली त्याला या बाजारात फारसे जावेच लागत नाही. दर आठवड्यास सकाळी, इंजिन थंड असताना, तेलाची काडी पुसून पुन्हा घालून पाहावी. रेडिएटरचे पाणी व पाचही चाकांची हवा पाहावी. पाचही म्हणण्याचे कारण, स्टेपनीची हवा नेमकी पंक्चरच्या दिवशीच आठवते. ब्रेकचे तेल मात्र सर्वांच्या विस्मरणात जाते. साधारण दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. 'डॉट ४' जातीचे ताजे तेल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या तेलाची हीच मर्यादा १५५ अंशांच्या आसपास उतरते. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरताना ब्रेक तापले की ते तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल पोकळ होते. म्हणून घाट ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक आजच्या गाड्यांनाही लागू आहे.

गाडीची एक स्वतंत्र खातेवही ठेवावी. तारीख, किलोमीटर, कोणता भाग, नवा की जुना, कोणाकडून, किती रुपये, कोणी बसविला, एवढे रकाने पुरेत. आमच्याकडे १९८४ पासूनच्या अशा वह्या आहेत. कोणत्या दुकानाचा माल टिकतो हे त्या वह्या चाळल्या की आपोआप दिसते, आणि गाडी विकताना घेणाऱ्यासमोर वही ठेवली म्हणजे घासाघीस निम्म्यावर येते.

शेवटी आपली स्वतःची गाडी मोडीत काढण्याची पाळी येते. ती गल्लीतल्या भंगारवाल्यास रोखीने देऊन टाकू नये. २०२१ च्या नियमांनुसार शासनमान्य मोडणी केंद्रे निघाली आहेत. तेथे गाडी दिल्यावर ठेव-प्रमाणपत्र मिळते, त्यावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते, आणि नोंदणी रद्द होते. नोंदणी रद्द होईपर्यंत त्या गाडीचा चेसिस क्रमांक आपल्याच नावावर चालू राहतो, मग ती कोणाच्याही हाती असो. आमची पद्मिनी अशीच रीतसर दिली. फक्त तो आंबोलीचा सिलिंडर तेवढा पेढीच्या टेबलावर आहे. त्याखाली कागद उडत नाहीत.