उर्से : टोलनाक्यामागचं गाव



पुण्याहून द्रुतगती मार्गानं मुंबईकडे निघालं की थोड्याच वेळात उर्से टोलनाका लागतो. हा मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि तेव्हापासून ‘उर्से’ हे नाव रोज हजारो लोकांच्या नजरेखालून जातं. पण गाडी खाली उतरवून गाव पाहिलेले आपल्यापैकी किती जण असतील? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ : अशा गावाचा इतिहास शोधायचा कुठे?

आधी जागा समजून घेऊ. मावळाची ओळख नद्यांवरून होते. आंद्रेच्या खोऱ्यातलं ते आंदर मावळ, इंद्रायणीच्या वरच्या अंगाचं नाणे मावळ आणि पवनेचं पवन मावळ. उर्से पवन मावळातलं. ह्याच मावळात बेडशाची लेणी आहेत, तुंग आणि तिकोना आहेत. जवळच सेनापती दाभाड्यांचं तळेगाव. १७७९ मध्ये जिथे इंग्रजांना तह करावा लागला, ते वडगावही लांब नाही. ह्या सगळ्यांवर पुस्तकं आहेत. मधल्या गावांना मात्र त्या पुस्तकांत फार तर एखादी ओळ मिळते.

मग गावाचं पुस्तक कोणतं? आमच्या मते, त्याचं शिवार.

जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, आपण आज गावठाण म्हणतो ते. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती मिसळून तिथली जमीन पांढुरकी होते. काळी म्हणजे कसायची जमीन. पांढरीत देऊळ, तालीम, चावडी दिसते, म्हणून आपण तिथेच फोटो काढतो. काळीतल्या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत. त्या नावांत असतात.

मावळात प्रत्येक तुकड्याला नाव असतं. भाताचं ते खाचर, डोंगरउताराचं हलकं रान ते वरकस. मग त्यातलं आंब्याचं, विहिरीचं, ओढ्याकडचं. ‘गुरवकी’ असं नाव ऐकू आलं तर समजायचं, की देवळाच्या सेवेबद्दल ती जमीन गुरवाकडे होती. म्हणजे एका नावात पाणी कुठे होतं, झाड कुठे होतं आणि गावात कुणाचा काय हक्क होता, हे सगळं आलं.

आता सातबारा डोळ्यांसमोर आणा. सात नंबरचा नमुना हक्काचा, बारा नंबरचा पिकांचा. त्यात एक रकाना आहे, ‘शेताचे स्थानिक नाव’. आपला उतारा काढून बघा. अनेकदा तो रकाना मोकळाच असतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आकडे बदलले, पण लोकांच्या तोंडी नावं तीच राहिली. कारण शेतावर जाणारा माणूस घरच्यांना गट नंबर सांगत नाही, ‘आंब्याच्या रानात चाललोय’ म्हणतो.

खरी अडचण इथून पुढे आहे. शेत कसणारं कुणी उरलं नाही की नाव घेणारंही उरत नाही. उर्से परिसरात फिनोलेक्ससारखे कारखाने आले, मग महामार्ग आला. त्यातून रोजगार मिळाला, हे नाकारायचं कारण नाही. पण मोबदल्याच्या कागदावर गट नंबर आणि क्षेत्र लिहिलं जातं, नाव लिहिलं जात नाही.

आणि पवन मावळात जमीन आणि पाणी म्हणजे नुसता कागद नव्हे. ९ ऑगस्ट २०११ रोजी, उर्स्यापासून जवळच बऊर इथे, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी ह्याच द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे यांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रकल्पाला स्थगिती मिळाली. आपण ज्या रस्त्यावरून ताशी शंभरच्या वेगानं जातो, त्याच्या कडेलाही असा इतिहास आहे.

तेव्हा करायचं काय? काम साधं आहे. तलाठी कार्यालयातून किंवा ऑनलाइन मिळणारा गावचा नकाशा घ्या. घरातल्या आजी-आजोबांसमोर तो पसरा आणि एकेका गटावर बोट ठेवून विचारा, ‘ह्याला काय म्हणायचे?’ आजीला आधी विचारा. लावणीला, खुरपणीला, सरपणाला बायकांचे पाय शिवारात जास्त फिरलेले असतात. सांगतील तसं, त्यांच्याच उच्चारात लिहा. शुद्ध करायला जाऊ नका. शेजारी सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा.

किल्ल्यांची नोंद सरकार ठेवतं. ह्या नावांची नोंद कुणीच ठेवत नाही, आणि ती सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. तेवढा एक रकाना आपण भरूया.