केळफूल निवडताना

केळफूल निवडायला बसण्याआधी हातांना तेल लावायचं, म्हणजे चीक धरत नाही. शेजारी ताक घातलेलं पाणी हवंच, नाहीतर चिरलेलं पाहता पाहता काळं पडतं. मग बाहेरचं जांभळट पान उचलायचं. त्याखाली फुलं दाटीनं बसलेली असतात, एकीमागे एक अशा दोन ओळींत. केळ्याच्या फणीतही केळी अशीच पुढे-मागे दोन रांगांत असतात, कारण एक फणी म्हणजे अशा एकाच पानाखालच्या फुलांची फळं. पुढचं पान जरा वळून फुटतं, म्हणून घडात फण्याही दांड्याभोवती फिरत उतरतात.

आपल्या हातात येतो तो फुलोऱ्याचा उरलेला शेंडा. केळ निसवली की आधी उमलणारी, देठाकडची फुलं मादी. घड त्यांचाच होतो. पुढची सगळी नर. खायची केळी परागाशिवायच धरतात, त्यामुळे शेवटची फणी सुटली की जळगावकडचे शेतकरी हे केळकमळ कापून टाकतात. नाही कापलं तर दांडा लांबत राहतो, नर फुलं गळत जातात आणि दांड्यावर त्यांचे वण तेवढे उरतात.

वेळ खातं ते एकेक फूल. टोक बोटांनी चोळून उघडलं की मधोमध गोल डोक्याची ताठ काडी दिसते. ही स्त्रीकेसराची दांडी. नर फुलातही ती असते, फक्त तिच्याखाली फळ धरत नाही. कितीही शिजवली तरी ती मऊ होत नाही, म्हणून ओढून काढायची. भोवतीचे नाजूक पुंकेसर राहू द्यायचे. मग बुडाशी चिकटलेला पारदर्शक पापुद्रा. फुलाच्या सहा पाकळ्यांपैकी पाच एकत्र जुळलेल्या असतात. सुटी राहिलेली सहावी ती ही. मला केळफुलात सगळ्यात देखणी तीच वाटते, आणि टाकायचीही तीच.

आत जावं तशी फुलं बारीक, पांढरी होत जातात. जुनी देठाकडे, नवी टोकाशी. तुळशीच्या मंजिरीचाही क्रम हाच. मोगऱ्याच्या झुबक्यात मात्र मधली कळी आधी फुलते, बाजूच्या मागाहून. शेंड्यालाच फूल आल्यावर तो तिथेच थांबतो. केळीचा शेंडा नवी फुलं काढतच असतो, म्हणून गाभ्याजवळच्या फुलांतली काडी अजून कडकच झालेली नसते. तिथे निवडणं संपतं. उरलेला गाभा तसाच बारीक चिरून ताकाच्या पाण्यात टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी पिळून भिजवलेल्या काळ्या वाटाण्यांबरोबर शिजवायचा.