‘स्मोल्डर’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उपयोजन

जळण्याच्या निरनिराळ्या अवस्था दर्शविणारी अनेक क्रियापदे इंग्रजीत आहेत. त्यांपैकी ‘स्मोल्डर’ हे क्रियापद ज्वाला न उठता, धूर सोडीत मंदपणे जळत राहण्याची क्रिया सांगते. मराठीत त्यासाठी ‘धुमसणे’ हा प्रतिशब्द सहज सुचतो आणि बहुतेक ठिकाणी तो चालतोही. तथापि दोन्ही शब्दांच्या अर्थाच्या कडा सर्वत्र जुळत नाहीत. प्रस्तुत लेखात या न जुळणाऱ्या कडांचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘गुदमरविणे’ असा होता. त्याच रूपाचे नाम घुसमटविणाऱ्या धुरासाठी योजले जाई. ज्वालेविना जळण्याचा अर्थ सोळाव्या शतकात आढळतो. पुढे हा वापर मागे पडला व एकोणिसाव्या शतकात पुन्हा रूढ झाला. दडपलेल्या भावनेसाठी होणारा लाक्षणिक वापरही त्याच शतकातला. ‘धुमसणे’चे नाते मात्र सरळ ‘धूम’ या शब्दाशी आहे. एका भाषेने कोंडलेला श्वास टिपला, दुसरीने धूर.

विज्ञानाच्या परिभाषेत हा भेद अधिक काटेकोर आहे. ज्वाला म्हणजे इंधनातून बाहेर पडलेल्या वायूंचे ज्वलन होय. स्मोल्डरिंगमध्ये प्राणवायू घन इंधनाच्या पृष्ठभागाशीच संयोग पावतो. त्यामुळे तापमान व वेग कमी राहतात, परंतु अल्प हवेतही ही आग दीर्घकाळ टिकते, आणि अपुऱ्या ज्वलनामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात निर्माण होतो. झारखंडमधील झरिया कोळसाक्षेत्रात अशा आगीची पहिली नोंद १९१६ मधील आहे. अमेरिकेतील सेंट्रेलिया या गावाखालील कोळसा १९६२ पासून जळतो आहे. तेव्हा ‘मंद’ याचा अर्थ ‘दुर्बल’ असा घेणे चुकीचे ठरेल.

व्याकरणदृष्ट्या हे क्रियापद अकर्मक असून अपूर्णकाळी रूपात व विशेषणासारखे विशेष आढळते. सिगारेटचे थोटूक, जळून गेलेल्या इमारतीचे अवशेष, जुना वैरभाव हे त्याचे नेहमीचे कर्ते. ‘सिमर’ हे क्रियापदही कोंडलेल्या रागासाठी येते, पण त्यामागील प्रतिमा उकळीच्या बेतात आलेल्या द्रवाची आहे, आगीची नव्हे. ‘धुमसणे’ रागाच्या बाबतीत अगदी चपखल बसते. ‘ती आतल्या आत धुमसत होती’ या वाक्यावर कोणताही अनुवादक समाधानी राहील. अडचण येते ती नजरेच्या वर्णनात. इंग्रजी कादंबरीतील ‘स्मोल्डरिंग’ डोळे पुष्कळदा अनुरागाचे असतात. ‘धुमसणारे डोळे’ म्हटले की मराठी वाचकाला भांडणच दिसते. येथे शब्द सोडून ‘नजरेतील दबलेली ओढ’ असा आशय देणे श्रेयस्कर.

अशा ठिकाणची चूक फार तर रसभंग करील. वैद्यकातील चूक याहून गंभीर आहे. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या ‘मल्टिपल मायलोमा’ या कर्करोगाच्या एका पूर्वावस्थेला १९८० पासून ‘स्मोल्डरिंग मायलोमा’ म्हटले जाते. या अवस्थेत पेशींची वाढ झालेली असते, परंतु अवयवांना इजा झालेली नसते. बऱ्याच रुग्णांना लगेच उपचार न देता नियमित तपासण्यांखाली ठेवतात. निदानानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी सुमारे १० टक्के रुग्णांत हा आजार पुढची पायरी गाठतो. रुग्णासाठीच्या मराठी माहितीपत्रकात येथे ‘सुप्त’ असा शब्द घातला, तर रुग्ण आजार झोपला आहे असे समजून तपासणी टाळण्याचा संभव आहे. राखेखालचा निखारा झोपलेला नसतो, हे रात्री विस्तव झाकून सकाळी त्यावरच चूल पेटविणाऱ्या गृहिणींना चांगलेच ठाऊक होते. उलट नुसते ‘धुमसणारा कर्करोग’ म्हटल्यास भीती अकारण वाढते. ‘धुमसता मायलोमा’ असा शब्द ठेवून, ‘सध्या लक्षणे नाहीत, मात्र ठरलेल्या वेळी तपासणी आवश्यक’ हे वाक्य त्याला लागूनच छापावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.