उथळ काठाची किंमत

सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातलं हमरस्त्यावरचं आणि रेल्वेमार्गावरचं गाव. हा सारा परिसर तलावांचा, बोड्यांचा म्हणजे लहान तळ्यांचा. कोहळी समाजाने धानाच्या सिंचनासाठी बांधलेले जुने मालगुजारी तलाव आजही इथे आहेत. जवळचा नवेगावबांध तलाव त्यांतलाच एक.

पक्ष्यांसाठी या तलावांचं मोल खोलीपेक्षा उथळ काठांत जास्त. पाळीकडे पाणी खोल असतं, वरच्या अंगाला मात्र ते पसरट आणि उथळ होत जातं. तिथे देवधान, कमळ आणि पाणवनस्पती वाढतात. कमळपक्षी आपली लांबलचक बोटं पसरून तरंगत्या पानांवरून चालतो. वजन विभागलं जातं, म्हणून पान बुडत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून स्थलांतरित बदकं उतरतात. माणसाएवढा उंच सारस धानाच्या बांधीतही घरटं करतो. मादी बहुधा दोनच अंडी घालते.

वस्ती वाढली की आधी हाच काठ जातो. कुणी तिथे भराव टाकतं, कुणी गाळासोबत वनस्पतीही खरवडून काढतं, उरलेल्या जागेत बेशरम ही झुडपी वनस्पती माजते. पाणी दिसत राहतं, पण पक्षी येत नाहीत. म्हणून तलाव राखायचा तर काठासकट राखायला हवा.