मुलाला नोटीस जाते, खाटेकडे कोण बघतं?

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायची त्यांची दुकानं तमिळनाडू-केरळपासून पार पंजाबपर्यंत पसरली आहेत. इकडे साताऱ्यात पाटण, जावळी, माण-खटावचे लोक माथाडी म्हणून मुंबईच्या बाजारात गेले आणि पुढची पिढी तिकडचीच झाली. गावात मागे उरले आई-वडील. पोरगा वाईट नसतो. तो पैसे पाठवतो, यात्रेला येतो, रात्री व्हिडिओ कॉल करतो. पण वडिलांना अर्धांगवायूचा झटका येतो, मिरजेच्या दवाखान्यातून ‘आता घरी न्या’ म्हणून सांगतात आणि पाठवलेले पैसे असूनही अडतं. दर दोन तासांनी त्यांची कूस कोण बदलणार? पाठीला जखम व्हायला फार दिवस लागत नाहीत. मग नर्सिंग ब्युरोतून बाई शोधायची, नाहीतर ‘पेशंट ठेवून घेतात’ असा एखादा वृद्धाश्रम गाठायचा.

आपला कायदा मात्र दुसऱ्याच मुलाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा केंद्रीय कायदा त्या मुलाकडून निर्वाह वसूल करतो, जो देत नाही. कायदा चांगला आहे, गावकुसाच्या आवाक्यातलाही आहे. कोर्टाची पायरी चढायची नाही, अर्ज प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा: कराड, फलटण, मिरज, विटा, जो आपला विभाग असेल तिथं. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे, फार तर आणखी 30 दिवस. म्हाताऱ्या माणसाची वकिलापायी परवड होऊ नये म्हणून मूळ कायद्यात वकिलालाच मज्जाव आहे. निर्वाहाची कमाल मर्यादा मात्र महिना 10,000 रुपये, आणि ती अजून तिथंच आहे. दिवस-रात्र माणूस ठेवायचा म्हटलं तर त्यात काय भागणार? गरीब, निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये. आई-वडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कायद्यातलं खरं हत्यार कलम 23. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला जमीन किंवा घर दिलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण आपल्याकडे दस्त कसे होतात ते बघा. राहतं घर किंवा शेतजमीन मुला-नातवाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क, अधिभार सोडला तर, 200 रुपये. दस्तलेखकाकडे मजकूर तयारच असतो: ‘माझ्या मनात आपल्याविषयी असलेल्या प्रेमापोटी व जिव्हाळ्यापोटी’. खाली अंगठा. पुढे तलाठ्याकडे फेरफार, की सातबाऱ्यावरून बापाचं नाव गेलं. सांभाळाचा शब्द त्या कागदात कुठंच नसतो, कारण पोराकडून असं लिहून घ्यायची बापालाच लाज वाटते. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुदेश छिकारा यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की अट नसेल तर नुसत्या प्रेमापोटी दिलेलं या कलमाखाली परत मिळणार नाही. जानेवारी 2025 च्या उर्मिला दीक्षित खटल्यात मात्र आईला न्याय मिळाला. न्यायालयानं कायद्याचा अर्थ उदारपणे लावला आणि ताबा परत देण्याचे आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं असं सांगितलं. पण तिथं सांभाळ करण्याचं कागदावर लिहिलेलं होतं. तेव्हा ‘देणाराचा हयातभर सांभाळ, औषधपाणी व राहत्या घरात राहण्याचा हक्क या अटीवर’ एवढी ओळ दस्तात घालायची लाज सोडलेली बरी. माझं तर म्हणणं आहे की मुद्रांकाची सवलत घेणाऱ्या अशा प्रत्येक बक्षीसपत्रात ती ओळ सक्तीचीच करावी.

याच कायद्याचा उलटा वापर होतो, हेही सांगितलं पाहिजे. नवरा-बायकोचं भांडण असतं, आणि सुनेला घराबाहेर काढायला सासू-सासऱ्यांच्या नावानं अर्ज येतो. एस. वनिता खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला लगाम घातला: कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं सुनेला दिलेला राहण्याचा हक्क असा उडवून लावता येत नाही.

हे सगळं झालं घरातल्या माणसांचं. बाहेर जो पैसे घेऊन म्हातारा माणूस ठेवून घेतो त्याचं काय?

अनाथ मुलांचं वसतिगृह नोंदणीशिवाय चालवलं तर 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो, सरकारचा एक पैसा घेत नसलात तरी. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचा आश्रम उघडताना 2007 चा कायदा अशी नोंदणी मागत नाही. त्यानं सरकारवर टाकलंय ते प्रत्येक जिल्ह्यात 150 निराधारांसाठी वृद्धाश्रम काढण्याचं काम, तेही ‘काढू शकेल’ अशा सोयीस्कर भाषेत. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात. रात्री किती माणसं ड्युटीवर होती हे हिशेबात येत नाही. 1949 चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा दवाखान्यांवर चालतो. ‘आम्ही उपचार करत नाही, फक्त सांभाळतो’ म्हटलं की त्यातून सुटका. गंमत म्हणजे ज्येष्ठांसाठी फ्लॅट बांधणाऱ्या बिल्डरांना महारेरानं 2024 मध्ये दाराची रुंदी किमान 900 मिलिमीटर हवी इथपर्यंत नियम घालून दिले. घर विकणाऱ्याला नियम आहेत, माणूस ठेवून घेणाऱ्याला नाहीत.

नातेवाईक रविवारी जातात तेव्हा चादर धुतलेली असते, अंगाला पावडर लावलेली असते. बघायचं असतं ते पहाटे तीन वाजता. आजोबा उठून पडू नयेत म्हणून हात खाटेला बांधलेत का? लघवीची पिशवी कधी बदलली? सारखं हाक मारतात म्हणून झोपेची गोळी दिली का, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून? अमेरिकेत याच प्रश्नांवर 1987 साली केंद्रीय कायदा झाला. सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या शुश्रूषागृहात शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणाला बांधून ठेवायचं नाही, हा तिथल्या रहिवाशांचा हक्क ठरला. तक्रारी ऐकायला राज्याराज्यांत स्वतंत्र लोकपाल आहेत. तिथंही सगळं आलबेल आहे असं नाही, पण तक्रार करायला दार आहे.

आपल्याकडे ते दार जवळजवळ उघडलंच होतं. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात वृद्धाश्रमांची नोंदणी होती, किमान दर्जा होता, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थाही होत्या. 10,000 ची मर्यादा जाणार होती, सून-जावयांवरही जबाबदारी येणार होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही बुडालं.

पण राज्यानं दिल्लीची वाट बघत बसायचं कारण नाही. पगारदारांनी आई-वडिलांना सांभाळावं म्हणून आसामनं 2017 मध्ये स्वतःचा कायदा केला. आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेनं 2020 मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा 30 टक्के पगार कापायचा ठराव केला. राज्यानं वृद्धाश्रमांचा कायदा केला तर तो मात्र पुण्या-मुंबईच्या चकचकीत संस्था बघून करू नये. तालुक्याच्या गावात एखादी निवृत्त नर्स आपल्या घरात सहा खाटा टाकून मायेनं सांभाळते. तिला अग्निशमनापासून लिफ्टपर्यंत वीस दाखले मागितले तर ती दार लावून घेईल, आणि वाईट जागा तेवढ्या उरतील. छोट्या जागेला मोजकंच विचारावं: रात्री माणूस कोण, डॉक्टर कोण, दर आणि डिपॉझिट परत द्यायची अट भिंतीवर लावली आहे का, कोणाला बांधलं तर त्याची नोंद होते का. आणि न कळवता येऊन बघायची मुभा हवी. ते काम ज्येष्ठ नागरिक संघातली चालती-फिरती मंडळी अधिकाऱ्याहून नेटकं करतील असं मला वाटतं. तक्रारीसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, पण खाटेवरच्या माणसाच्या हाताशी फोन असतोच असं नाही.

आणि एक गोष्ट कायदा व्हायच्या आधीही होऊ शकते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. एखाद्या वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर खाटेला खिळलेली दहा माणसं आहेत हे बोट घेऊन निघालेल्या पथकाला माहीत असायला हवं की नको? आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा 2005 पासून आहे, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. जिल्ह्यात म्हातारी माणसं ठेवून घेणाऱ्या जागा किती, कुठल्या गल्लीत, खाटा किती, त्यातली उठू न शकणारी किती, एवढी यादी पावसाळ्याआधीच्या बैठकीत ग्रामसेवक आणि नगरपालिका-महापालिकांकडून मागवता येते. सांगलीसाठी एक, साताऱ्यासाठी एक.