साक्रीत नारळाचं झाड कुठंय?

एक काम करा. मोबाइल बाजूला ठेवा, पेन उचला आणि याच पानाच्या कोपऱ्यात एक ‘निसर्गचित्र’ काढा. दोनच मिनिटं.

झालं? आता मी न बघता सांगते. दोन त्रिकोणी डोंगर. मधून डोकावणारा सूर्य. डोंगरातून वळत येणारी नदी, काठावर कौलारू घर, घराशेजारी नारळाचं झाड आणि आकाशात व्ही काढून झालेले चार पक्षी. बरोबर ना?

मीही हेच काढायचे. याच चित्रावर मला शाळेत पहिला नंबर मिळाला होता. आता सांगा, आपल्या साक्रीत नारळाची झाडं कुठं आहेत? आपल्याकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर गरगरणाऱ्या पवनचक्क्या आहेत. भामेरचा किल्ला आहे. कांदाचाळी आहेत, सुरत-नागपूर हायवेवरचे ट्रेलर आहेत, मे महिन्यात कोरडीठाक पडलेली कान नदी आहे. यातलं काहीच आपल्या चित्रात का येत नाही? हा प्रश्न मला बावीस वर्षांत कधी पडला नव्हता. तो पडला गल्लीतल्या मुलांमुळे, आणि तोही मी एक चूक केल्यावर.

पाच दिवसांचं शिबिर

झालं असं, की सेमिस्टर संपलं होतं आणि इंटर्नशिप सुरू व्हायला वेळ होता. गल्लीतली पोरं दिवसभर एकाच मोबाइलभोवती घोळका करून बसलेली. मग आम्ही तिघांनी ठरवलं, मुलांसाठी कलाशिबिर घ्यायचं. एक मित्र ढोलकी वाजवतो. आपल्या विद्यापीठाच्या ‘युवारंग’मध्ये कॉलेजच्या टीमसोबत स्टेजवर गेलेला. एक मैत्रीण मातीकामात पक्की. आणि मी, चित्रकलेत पहिला नंबरवाली!

जागा? जवळच्या मंदिराचा सभामंडप. वेळ सकाळी आठ ते दहा, कारण त्यानंतर फरशीवर पाय ठेववत नाही. सामान म्हणजे पाठकोरे कागद, खडू, कुंभाराकडून आणलेली माती आणि जुनी वर्तमानपत्रं. फी काही नाही. पहिल्या दिवशी सत्तावीस मुलं आली आणि आम्ही तिघं हवेत.

दुसऱ्या दिवशी मी चित्रं काढायला बसवलं. विषय दिला, ‘माझं गाव’. चौथीतल्या एका मुलानं कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब पांढरी वस्तू काढली. खाली बारीक बारीक चाकं. शेजारी घर, आणि घर त्या वस्तूपेक्षा लहान. मी विचारलं, “हे काय? मासा?”

तो म्हणाला, “ताई, हाई पवनचक्कीनं पातं शे.”

मी हसले. म्हटलं, “अरे, पातं वर असतं ना, खांबाला! आणि घराहून मोठं असतं का कधी? नीट काढ.” त्यानं काही न बोलता खोडरबर घेतला, सगळं पुसलं आणि काय काढलं असेल? दोन डोंगर, सूर्य, नारळाचं झाड. मी त्याला ‘छान’ म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी हायवेला उभी होते. समोरून एक ट्रेलर आला, मागेपुढे इशारा देणाऱ्या गाड्या, आणि त्यावर आडवं ठेवलेलं पवनचक्कीचं पातं. ते संपता संपेना. रस्त्याकडेची घरं त्याच्यापुढे खरंच लहान दिसत होती. त्या पोरानं जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेच काढलं होतं. मी मात्र त्याला जे बघितलं नाही ते काढायला लावलं.

शिबिर म्हणजे नक्की काय?

मग जरा वाचायला, शोधायला बसले. आणि लक्षात आलं, की मुलांना कला ‘शिकवायची’ की त्यांना ती करू द्यायची, हा प्रश्न आपल्याकडे फार आधीपासून काही माणसांना पडलेला आहे.

१९५९ साली मुंबईत सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ त्यांनी रंगमंचावर आणलं. मुलांचं नाटक म्हणजे गॅदरिंगपुरती गंमत, असं समजण्याच्या काळात त्यांनी ते मोठ्यांच्या नाटकाइतक्याच गांभीर्यानं केलं. पुढे कित्येक वर्षांनी, २०१४ मध्ये, याच मतकरींनी ठाण्यात वस्तीतल्या मुलांसोबत ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथली खास गोष्ट म्हणजे बाहेरच्या कुणी लिहिलेलं नाटक मुलांनी पाठ करायचं नाही. आपल्या वस्तीत जे दिसतं, जे खुपतं, त्यावर मुलांनीच नाटक रचायचं आणि त्यांनीच करायचं.

दिल्लीत १९५६ मध्ये राष्ट्रीय बालभवन सुरू झालं. पुण्यात सारसबागेजवळचं गरवारे बालभवन शोभा भागवतांनी नावारूपाला आणलं. मुलांनी यावं, खेळावं, मातीत हात घालावेत, रंग सांडावेत, आणि ‘नंबर कितवा?’ हे कुणी विचारू नये, अशी ती जागा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं. साक्रीहून नाट्यगृह गाठायचं तर ५०-५५ किलोमीटरवर धुळं, तिथलं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर. एसटीनं दीड तास धरा. रोज कोण नेणार मुलांना?

बरोबर आहे. पण मग आपल्या खान्देशातलीच दोन माणसं बघा.

अमळनेरची खोली, चाळीसगावचा बंगला

साने गुरुजी आपल्याला ‘श्यामची आई’मुळे माहीत असतात. पण त्याआधी ते अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. हातानं लिहिलेलं! छापखाना नाही, बजेट नाही. रोज लिहायचं आणि मुलांनी वाचायचं. आज आपण मास कॉममध्ये ‘कम्युनिटी मीडिया’वर दहा मार्कांचं उत्तर लिहितो ना, ते हेच.

दुसरे केकी मूस. जन्म १९१२, मृत्यू १९८९. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात हा माणूस अनेक दशकं राहिला, बाहेर जवळपास पडलाच नाही. पण त्याची छायाचित्रं जगभर गेली. त्यांची खासियत होती टेबलटॉप फोटोग्राफी. म्हणजे काय, तर टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यावर प्रकाश पाडून असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला वाटावं हा खराखुरा देखावा आहे. त्या बंगल्यात आज त्यांचं कलादालन आहे. चाळीसगाववरून तुमची रेल्वे कितीदा गेली असेल. एकदा उतरून बघा.

चौथ्या दिवशी आम्ही मुलांना हेच करायला दिलं. वाळू, खडे, काडेपेटी, कापूस, एक टॉर्च आणि माझा मोबाइल. एका मुलीनं गव्हाच्या पिठाचा ढीग केला, त्यावर टॉर्च तिरका धरला आणि फोटोत चक्क बर्फाचा डोंगर! दुसरीनं कांद्याची सालं पसरून नदी केली. म्हणाली, “कान नदी, उन्हाळ्यातली.” त्या दोन तासांत एकाही मुलानं मोबाइलवर गेम मागितला नाही, आणि मोबाइल तर समोरच होता.

आजीचं शिबिर

आणखी एक गोष्ट. माझी मैत्रीण मुलींना गाणी शिकवायला बसली तेव्हा कठड्यावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “आम्ही तं गुलाबाईमा शिकनूत.” कुणी शिकवलं, विचारलं तर उत्तर नाही. कुणीच नाही, आणि सगळ्यांनीच.

विचार करा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी मुली एकमेकींच्या घरी जमायच्या. गुलाबाई मांडायची, टिपऱ्या खेळायच्या, गाणी म्हणायची, शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. आखाजीला गौराई, झोके, पुन्हा गाणी. लहानीनं मोठीचं ऐकायचं, पुढच्या वर्षी तिनं तिच्याहून लहानीला सांगायचं. पश्चिमेला पिंपळनेरच्या पुढं डोंगराकडं गेलात तर मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव असतो. पावरीच्या सुरावर रात्र रात्र नाच चालतो आणि पोरं मोठ्यांची पावलं बघत बघत शिकतात. हे सगळं शिबिरच होतं की! फी नाही, सर्टिफिकेट नाही, ‘समर कॅम्प’चा फ्लेक्स नाही.

आता गल्लीत महिनाभर जमणं कमी झालं. क्लासच्या वेळा, टीव्ही, मोबाइल, मुलींनी अंधार पडल्यावर बाहेर न जाणं, कारणं तुम्हाला माहीत आहेत. मग तीच गाणी आपल्याला कुठे भेटतात? युवारंगच्या लोकनृत्यात. दोन आठवडे कोरिओग्राफर, भाड्यानं आणलेले कपडे, आठ मिनिटांचा परफॉर्मन्स आणि ट्रॉफी. मला युवारंग मनापासून आवडतो. पण विसाव्या वर्षी आपण जे गाणं रेकॉर्डिंगवरून पाठ करतो, ते आपल्या आजीला आठव्या वर्षी आपसूक येत होतं. मधली पायरी तुटली आहे. ती पायरी म्हणजे आठ-दहा वर्षांची मुलं, आणि त्यांच्यासोबत बसायला वेळ असलेलं कुणीतरी.

तो वेळ शिक्षकांकडे कमी असतो. चित्रकलेचा तास गणिताला जाणं आपण सगळ्यांनी अनुभवलंय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा चांगल्याच आहेत, पण बऱ्याच घरांत त्यांचा विषय निघतो तो दहावीच्या वाढीव गुणांसाठी. पालक शेतात, दुकानात, नोकरीत. उरलं कोण? सुट्टीत रील्स बघत लोळणारे तुम्ही आणि मी.

तुम्हाला घ्यायचं असेल तर

आमच्या चुकांमधून शिकलेलं सांगते.

• तीन ते पाच दिवस पुरे. रोज दोन तास, त्याहून जास्त नको. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ.

• शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर, गच्ची, काहीही चालेल. परवानगी आधी घ्या आणि पालकांना स्वतः भेटून सांगा. मोठी माणसं किमान दोन असावीत.

• वीस मुलांपर्यंत थांबा. सत्तावीस आम्हाला जड गेली.

• फळ्यावर चित्र काढून ‘असं काढा’ म्हणू नका. आधी मुलांना बाहेर न्या, दहा मिनिटं नुसतं बघू द्या.

• अहिराणीत बोलणाऱ्या मुलाला अहिराणीतच बोलू द्या. भाषा सुधारायला ते आलेलं नाही.

• स्पर्धा नको, नंबर नको. शेवटच्या दिवशी सगळ्यांची चित्रं लावा, सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची.

• मुलांचे चेहरे विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका. चित्रांचे फोटो टाका.

• आणि ‘हे काय काढलंस?’ असं विचारलंत, तर उत्तर पूर्ण ऐका. माझं तिथंच चुकलं.

एक कागद कमी पडला

पाचव्या दिवशी सभामंडपात दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून आम्ही प्रदर्शन मांडलं. त्या मुलाचा कागद माझ्याकडे होता. वरती नारळाचं झाड, पण उजेडाकडे धरला की खाली पुसलेल्या पात्याची रेघ दिसायची. मी तो मधोमध लावला.

साडेनऊला तो आला. आत नाही, पायरीपर्यंत. चित्राकडे बघून म्हणाला, “ताई, ते पुसेल शे.”

मी म्हटलं, “दिसतंय अजून. मी परवा ट्रेलरवर बघितलं. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.”

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं आत आला, पेन्सिल मागितली, कागद खाली काढला आणि पुसलेल्या रेघेवरून परत रेघ ओढू लागला. कडेपर्यंत पोचला आणि थांबला. पातं मावत नव्हतं. मग त्यानं शेजारी दुसरा कागद लावला, नंतर तिसरा. शेवटी ते पातं तीन कागदांवर गेलं आणि आम्हाला दोरीवरची दोन चित्रं सरकवावी लागली.

कलाकेंद्राची इमारत साक्रीला मिळेल तेव्हा मिळेल, आणि ती मिळायलाच हवी. तोवर एक सभामंडप, एक दोरी आणि थोडे जास्तीचे कागद यांच्यावर काम सुरू होऊ शकतं.

आता पानाच्या कोपऱ्यातलं तुमचं चित्र पुन्हा बघा. नारळाचं झाड राहू दे, पुसू नका. फक्त खिडकीबाहेर बघून, जे खरंच दिसतंय त्यातली एक गोष्ट त्याच्या शेजारी काढा. जागा पुरली नाही तर पुढच्या पानावर जा.