नवा लॅपटॉप, जुनं मीटर आणि माझी बारा सत्रं

२०२०च्या फेब्रुवारीत डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला होता, आठवतंय? एकाच रस्त्याचे फोटो सगळीकडे फिरत होते आणि प्रत्येक फोनवर गुलाबी वेगळा दिसत होता. माझा पीएचडीचा विषय साधारण तिथूनच निघाला: पाण्याचा रंग स्क्रीनवर बघून माणसं ते किती दूषित आहे असं ठरवतात? प्रयोग सोपा आहे. रंगाचे चौकोन दाखवायचे, उत्तर नोंदवायचं. पण स्क्रीननेच दगा दिला तर सगळा डेटा कचऱ्यात.

ठाण्यातल्या लॅबमध्ये जुना डेस्कटॉप आहे, त्याचं सगळं सुरळीत होतं. पण आजी-आजोबा वयाच्या सहभागींना गर्दीच्या लोकलने ठाण्याला कसं बोलावणार? म्हणून नवा लॅपटॉप घेतला आणि सत्रं डोंबिवलीत घरीच सुरू केली.

पहिली अडचण लगेच आली. स्क्रीनला टेकवून रंग मोजणारं आमचं जुनं मीटर ज्या सॉफ्टवेअरबरोबर आलं होतं, ते नव्या लॅपटॉपवर उघडेचना. हे सर्रास होतं (मॅकवर तर २०१९च्या कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत). मीटर फेकू नका. आर्गिल सीएमएस हे फुकट सॉफ्टवेअर बऱ्याच जुन्या मीटरांशी थेट बोलतं. खिडक्या-बटणं हवी असतील तर त्यावर डिस्प्लेकॅल वापरा, पण पायथन ३ वर चालणारी नवी आवृत्ती घ्या. मूळ आवृत्ती पायथन २ वरच राहिली. विंडोजवर काही मीटरांना आर्गिलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो टाकला की कंपनीच्या सॉफ्टवेअरला मीटर दिसेनासं होतं. दोन्ही एकदम चालवायचा हट्ट करू नका.

तर कॅलिब्रेशन झालं. ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १२० कँडेला प्रति चौरस मीटर. अहवाल छान हिरवा. मी खूश.

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. आपण ज्याला 'कॅलिब्रेशन' म्हणतो त्यात दोन वेगळी कामं असतात. एक, लाल-हिरवा-निळा यांचे दुरुस्ती-वक्र ग्राफिक्स कार्डातल्या एका तक्त्यात भरले जातात. दोन, स्क्रीन आता कशी वागते याचं वर्णन करणारी आयसीसी प्रोफाइल नावाची फाइल तयार होते. फाइल डिस्कवर राहते. तक्ता मात्र तात्पुरता असतो: संगणक बंद झाला, कधीकधी नुसता झोपेतून उठला, तरी तो कोरा होऊ शकतो आणि कुणीतरी तो पुन्हा भरावा लागतो. शिवाय त्या तक्त्यात लिहिणारे आपण एकटे नसतो. विंडोजचा नाइट लाइट त्यात ढवळाढवळ करतो. लॅपटॉपबरोबर आलेलं 'व्हिविड' किंवा 'सिनेमा' मोडवालं अॅपही करू शकतं. आणि ज्यावर मी प्रयोग चालवते तो सायकोपाय! त्यात मॉनिटरचा गॅमा भरलेला असेल तर तो स्वतःचा वक्र लिहितो, म्हणजे आपली मेहनत पुसली. वर तो आयसीसी प्रोफाइल वाचतच नाही. त्यामुळे रुंद रंगपल्ल्याच्या नव्या स्क्रीनवर साधा एसआरजीबी गुलाबी भडक दिसतो, प्रोफाइल कितीही अचूक असली तरी.

हे सगळं मी शोधलं, बंद केलं. एचडीआरही बंद. आर्गिलमधल्या डिस्पविनला विचारलं, की माझे वक्र आत्ता तक्त्यात आहेत का? आहेत म्हणाला. तरी एका शुक्रवारी लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर गेला, आणि समोर बसलेल्या काकू म्हणाल्या, "अगं, मघाशी हा रंग जास्त उजळ होता ना?"

काकूंचं बरोबर होतं. बॅटरीवर गेल्यावर ग्राफिक्सची वीजबचत सुरू होते. ती चित्रात काय आहे ते बघून मागचा दिवा मंद करते आणि भरपाई म्हणून चित्र उजळ करते. तक्ता शाबूत, वक्र शाबूत, तरी रंग बदललेला! म्हणून डिस्पविन 'आहेत' म्हणत होता. तपासायची युक्ती सोपी आहे: मध्ये तोच करडा चौकोन ठेवा, भोवती एकदा काळं आणि एकदा पांढरं भरा, दोन्ही वेळा मीटर लावा. आकडे ठळक वेगळे आले तर दिवा चित्र बघून हलतोय. आधी चार्जर काढून करा, मग लावून. माझ्याकडे बॅटरीवर फरक स्पष्ट दिसला, चार्जरवर नाही. ग्राफिक्सच्या सेटिंगमधून वीजबचत बंद केल्यावर बॅटरीवरचा फरकही गेला. खोलीचा उजेड बघून ब्राइटनेस बदलणारा सेन्सरही तेव्हाच बंद केला.

खरी चूक मात्र माझीच. तोवर घरी बारा सत्रं झाली होती आणि त्यातली कुठली चार्जरवर, कुठली बॅटरीवर, याची नोंद माझ्या वहीत नव्हती. नोंद असती तर निदान अर्धी वाचली असती. गाइडना सांगितलं, त्यांनी एकच प्रश्न विचारला: "कुठली खरी, हे सांगू शकतेस?" नाही सांगू शकत. बाराही काढून टाकली.

आता प्रत्येक सत्राआधी लॅपटॉप अर्धा तास तापू देते, सायकोपायच्याच खिडकीत पाच करडे चौकोन मोजते, आणि आकडे, चार्जरची स्थिती, ड्रायव्हरची आवृत्ती त्या सत्राच्या डेटा फाइलमध्येच लिहून ठेवते. सत्र संपल्यावर पुन्हा मोजते. बारापैकी नऊ जणांनी परत यायला होकार दिलाय. त्या काकू पहिल्या.